एका तारखेचा अभ्यास : १५ नोव्हेंबर

वर्तमानपत्रातले 'दिनविशेष' हे सदर आपण सगळेच वाचतो आणि वाचून पुढे जातो. खेळांच्या इतिहासाकडे नव्याने वळणाऱ्या वाचकाला माझी पहिली विनंती अशी, की त्याने तिथेच थोडे थांबावे. कोणतीही एक तारीख घ्यावी आणि ती खणून काढावी. मी इथे १५ नोव्हेंबर घेतो.

१९८९ साली या तारखेला कराचीत सचिन तेंडुलकरचे कसोटी पदार्पण झाले. वय १६ वर्षे २०५ दिवस. एवढे सर्वांना पाठ असते. पण धावफलक उघडून पाहा. पाकिस्तानने आधी फलंदाजी करत ४०९ धावा केल्या, म्हणजे पदार्पणाचा दिवस सचिनने क्षेत्ररक्षणातच काढला. भारताचे ४१ धावांत चार गडी गेल्यावर तो खेळायला आला आणि १५ धावांवर वकार युनूसने त्याचा त्रिफळा उडवला. वकारचीही ती पहिलीच कसोटी होती, कपिल देवची शंभरावी. भारतीय संघात आणखी एक नवा चेहरा होता, सोलापूरला जन्मलेला वेगवान गोलंदाज सलील अंकोला. त्याची ती पहिली कसोटी आणि शेवटचीही. दिनविशेषात अंकोलाचे नाव क्वचितच येते. मला मात्र ती दोन नावे शेजारी ठेवल्याशिवाय त्या दिवसाची नोंद पुरी झाली असे वाटत नाही.

बरोबर चोवीस वर्षांनी, १५ नोव्हेंबर २०१३ रोजी वानखेडेवर, आपल्या अखेरच्या कसोटीत, सचिन आदल्या दिवशीच्या ३८ धावांवरून पुढे खेळू लागला. ७४ वर देवनारायणच्या फिरकीवर स्लिपमध्ये सॅमीने त्याचा झेल घेतला. भारताला दुसऱ्यांदा फलंदाजी करावीच लागली नाही, त्यामुळे तो डाव अखेरचा ठरला. मग त्याच्या निवृत्तीची तारीख कोणती? सामना सुरू झाला १४ तारखेला, तो बाद झाला १५ला, आणि सामना संपून त्याने निरोपाचे भाषण केले १६ला. तिन्ही तारखा खऱ्या आहेत. आपण कोणती लिहितो, यावरून आपण कशाला शेवट मानतो ते कळते. अभ्यासकाने निवड जरूर करावी, पण कारण सांगून करावी.

पुढे २०२३ मध्ये याच तारखेला, याच मैदानावर, विश्वचषकाच्या उपांत्य सामन्यात विराट कोहलीने एकदिवसीय क्रिकेटमधले पन्नासावे शतक झळकावून सचिनचा ४९ शतकांचा विक्रम मागे टाकला. सचिन प्रेक्षागारात होता. त्याच सामन्यात शमीने ५७ धावांत सात बळी घेतले.

वाढदिवसांचे गणित वेगळे. सानिया मिर्झा १५ नोव्हेंबर १९८६ रोजी मुंबईत जन्मली. तिची दुहेरी-मिश्र दुहेरीतली सहा ग्रँड स्लॅम विजेतेपदे आपल्याला ठाऊक असतात, म्हणून तो जन्म आपण मागाहून खेळाच्या इतिहासात घेतो. कुस्तीगीर खाशाबा जाधवांचेही तसेच. त्यांनी ऑलिम्पिक कांस्यपदक जिंकले १९५२च्या जुलैत, हेलसिंकीत. पण २०२४पासून महाराष्ट्र राज्य क्रीडा दिन पाळतो तो १५ जानेवारीला, त्यांच्या जन्मदिवशी. पदकाचा दिवस निवडला असता तर मला अधिक आवडले असते.

खाशाबांवरून दिनविशेषातली एक मोठी उणीव लक्षात येते. गावोगावच्या जत्रांतले कुस्त्यांचे फड तिथीवर भरत आले आहेत. चैत्रातल्या एखाद्या तिथीला गाजलेली कुस्ती दरवर्षी वेगळ्या इंग्रजी तारखेला आठवली जाते, आणि म्हणून दिनविशेषात तिला जागाच मिळत नाही. अशा फडाची तारीख लावायची तर त्या सालचे पंचांग, गावकऱ्यांच्या आठवणी आणि जुनी जिल्हा वर्तमानपत्रे शेजारी घेऊन बसावे लागते. काम चिकाटीचे आहे. नव्या अभ्यासकाने आपल्या गावाच्या जत्रेपासून ते सुरू करावे, कारण तिथली माणसे त्याच्याशी बोलतील.