हिरव्या बुरशीचे नामकरण : अळिंबी उत्पादन आणि डीएनए वर्गीकरण

अळिंबीच्या कंपोस्टवर वाढणाऱ्या हिरव्या बुरशीला दीर्घकाळ अस्वच्छतेचे लक्षण मानले जाई. 1985 मध्ये उत्तर आयर्लंडमधील बटण अळिंबीच्या उत्पादनात तिने मोठे नुकसान केले, तेव्हा ही समजूत अपुरी ठरली. सूक्ष्मदर्शकाखाली ती 'ट्रायकोडर्मा हार्झियानम' दिसे. मात्र रिफाई यांनी 1969 मध्ये मांडलेल्या वर्गीकरणात हे नाव एका व्यापक समूहाचे होते. 1987 मध्ये सीबी यांनी वाढीच्या निरीक्षणांवरून तिचे तीन जैवप्रकार वेगळे केले. डीएनएचा आधार नंतर आला, हे श्रेय विसरता येत नाही. 1994 मध्ये मुथुमीनाक्षी व सहकाऱ्यांनी हे विभाजन रेणवीय पातळीवर सिद्ध केले. खरा उपद्रवी दुसरा प्रकार होता. तिसरा पुढे 'ट्रायकोडर्मा ॲट्रोव्हिरिडी' ठरला.

1990 च्या दशकात उत्तर अमेरिकेतही साथ पसरली. तेथील बुरशीला चौथा जैवप्रकार म्हटले गेले. प्रश्न केवळ नावाचा नव्हता. 'हार्झियानम' याच नावाने ओळखली जाणारी बुरशी पिकांच्या रोगनियंत्रणासाठी वापरली जात होती. महाराष्ट्रातील शेतकऱ्यालाही 'ट्रायकोडर्मा' हे नाव मित्रबुरशी म्हणूनच परिचित आहे. मग मित्रच शत्रू झाला होता काय? 1999 मधील रेणवीय अभ्यासांत जैवनियंत्रणाचे वाण रोगकारक प्रकारांहून वेगळे आढळले. त्याच वर्षी चेन, रोमेन व सहकाऱ्यांनी 83 नमुने आरएपीडी पद्धतीने तपासले. त्यांपैकी 66 साथीच्या काळातील, तर 17 त्यापूर्वीचे होते आणि त्यांतील सर्वांत जुने 1950 च्या दशकातील होते. जुन्या नमुन्यांत चौथा प्रकार आढळलाच नाही. साथीतील चौथ्या प्रकाराच्या नमुन्यांत परस्परभेद दिसला नाही. म्हणजे एकच आक्रमक वंश नव्याने शिरला होता. जपून ठेवलेल्या जुन्या नमुन्यांचे मोल येथे पद्धतीइतकेच मोठे ठरते.

2002 मध्ये सॅम्युएल्स व सहकाऱ्यांनी या बुरशीला 'ट्रायकोडर्मा ॲग्रेसिव्हम' हे स्वतंत्र नाव दिले. युरोपीय व अमेरिकी प्रकार तिची दोन रूपे ठरले. डीएनए क्रमासोबत एक साधी कसोटीही उपयोगी पडली : 35 अंश सेल्सिअसला हार्झियानम जोमाने वाढते, ॲग्रेसिव्हम मंदावते. पीसीआर यंत्र नसलेल्या प्रयोगशाळेलाही ही कसोटी लावता येते.