खिडकीपलीकडचा नकार

कामाचा व्हिसा नाकारला गेला की घरात ती गोष्ट दबक्या आवाजात बोलली जाते. म्हापशाहून रात्रीची बस पकडून मुलगा मुंबईला मुलाखतीला जातो, खिडकीशी उभ्याउभ्या चार प्रश्न होतात, हातात कागद पडतो. इकडे आई शेजारणीला सांगते, "तारीख पुढं गेली हो." जणू मुलानं गुन्हाच केला! या नकाराला केवढा इतिहास आहे, तो आपण बायकांनी जाणून घ्यावा असं मला वाटतं.

आपल्या गोव्याला अशी अडवणूक नवी नाही. १ सप्टेंबर १९५५ ला भारतानं इथली आपली वकिलात बंद केली आणि जाण्यायेण्यावर कडक निर्बंध आले. सासर पेडण्यात, माहेर सावंतवाडीकडे, आणि मधे पत्रादेवीची हद्द! नवरा मुंबईत नोकरीला, बिऱ्हाड डिचोलीत. १९६१ च्या डिसेंबरात पोर्तुगीज राजवट गेली, तेव्हा ती हद्द पुसली. परवाना न मिळालेल्या माणसाची लायकी त्यात कुठं आली?

अमेरिकेतली गोष्ट आणखी जुनी. चे चान पिंग हा चिनी मजूर १८७५ पासून सॅन फ्रान्सिस्कोत राबत होता. १८८७ मध्ये गावी निघाला, तेव्हा परत येण्यासाठी सरकारी दाखला घेऊनच निघाला. वर्षभरानं जहाज बंदराला लागलं ते ८ ऑक्टोबरला. आणि १ ऑक्टोबरलाच नव्या कायद्यानं असले सगळे दाखले रद्द केलेले! त्याला उतरू दिलं नाही. १८८९ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयानंही सरकारचीच बाजू घेतली: परक्याला आत घ्यायचं की नाही, हे सरकार ठरवेल. त्याच विचाराच्या धाग्यानं आजही वकिलातीतल्या अधिकाऱ्याच्या नकारात तिथली न्यायालयं सहसा हात घालत नाहीत.

पुढं १९१७ च्या कायद्यानं हिंदी मजुरांनाही दार बंद झालं. १९४६ मध्ये ते किलकिलं झालं, सबंध भारताला वर्षाला शंभर जागा! देशवार कोटा १९६५ च्या कायद्यानं गेला आणि आपली मुलं ज्याच्यामागे धावतात तो एच-१बी १९९० च्या कायद्यातून आला.

आता हातातल्या कागदाचं. कंपनीचा अर्ज मंजूर करणारं खातं वेगळं, खिडकीतला अधिकारी वेगळा. म्हणून मंजुरी असूनही नकार येतो. कागदावर कुठलं कलम आहे ते आधी बघावं. २२१(जी) असेल तर बहुतेकदा कागद अपुरे असतात किंवा तपासणी बाकी असते. मागितलेले कागद वर्षाच्या आत देता येतात, नाहीतर पुन्हा अर्ज आणि पुन्हा फी. "भाटाचे, घराचे कागद दाखवले असते तर!" अशी हळहळ मी पुष्कळ घरांत ऐकली आहे. पण परत येणार नाही, हा संशय धरणारं २१४(बी) कलम एच-१बीला लागूच नाही. टुरिस्ट व्हिसाची ही चिंता इथं लोक उगाच ओढून आणतात.

शेजारणीला काय सांगायचं ते आपल्या हातात आहे. पण पुढच्या अर्जात "पूर्वी कधी व्हिसा नाकारला होता का?" असा प्रश्न असतोच. तिथं 'हो'च लिहावं लागतं. जाणूनबुजून लपवलं तर कायमची बंदी येऊ शकते.