युद्धभूमीवरील डॉक्टर आणि चित्रपटातील समूह

रॉबर्ट ऑल्टमन यांचा ‘मॅश’ (१९७०) हा कोरियन युद्धातील लष्करी शल्यचिकित्सकांवरील विनोदपट कोणा एका नायकाचा नाही. रक्ताने माखलेल्या तंबूंत वावरणाऱ्या सगळ्याच टवाळ मंडळींचा तो आहे. आपल्याकडे युद्धातील डॉक्टरांचा विषय व्ही. शांताराम यांनी ‘डॉ. कोटणीस की अमर कहानी’त (१९४६) हाताळला, परंतु विनोदाने नव्हे, भक्तिभावाने आणि एकाच पुरुषाभोवती. वस्तुतः १९३८ साली चीनला गेलेल्या पथकात डॉक्टर पाच होते : अटल, चोळकर, कोटणीस, बसू व मुखर्जी. पैकी चोळकर नागपूरचे, म्हणजे अमरावती-अकोल्यासह तेव्हाच्या मध्यप्रांत व वऱ्हाड या एकाच प्रांतातले. सोलापूरच्या कोटणिसांना ९ डिसेंबर १९४२ रोजी चीनमध्येच मृत्यू आला. परतलेल्यांपेक्षा न परतलेल्याची कथा पटकथाकारास सोयीची, हे समजण्याजोगे आहे. ख्वाजा अहमद अब्बास यांच्या ज्या पुस्तकावर चित्रपट आधारलेला, त्याच्या नावातच तो ‘न परतलेला एक’ आहे. पण त्यामुळे चार सहकारी कथेच्या कडेला गेले. इतिहासाच्या विद्यार्थ्याने या चित्रपटास साधन मानताना पडद्यावर कोण आहे याआधी, कोण मागे सरकले आहे, हे पाहावे. वऱ्हाडातील अभ्यासकाने तरी आरंभ चोळकरांपासून करावयास हरकत नसावी.