दगडी छताचं ओझं

मागच्या व्याख्यानात आपण मध्ययुगीन मठांचा दिनक्रम पाहिला. आज त्या मठांच्या चर्चवास्तूंकडे वळू. अकराव्या-बाराव्या शतकातल्या या शैलीला आपण रोमनेस्क म्हणतो. बांधणाऱ्यांना मात्र हे नाव ठाऊक नव्हतं. ते एकोणिसाव्या शतकातल्या अभ्यासकांनी दिलं.

अर्धगोल कमानी, जाड भिंती, लहान खिडक्या, ही यादी आपण सगळ्यांनी वाचलेली असते. पण भिंती इतक्या जाड का, हे विचारल्याशिवाय यादीला अर्थ येत नाही. उत्तर वर आहे, छतात. लाकडी छतं आगीत जळून जात. दगडी छत आगीला टिकतं, शिवाय भिक्षूंचं गायन त्याखाली घुमतं. पण एक उघडं पुस्तक टेबलावर पालथं उभं करा आणि वरून दाबा. दोन्ही कडा बाहेर सरकतात, नाही का? कमानदार दगडी छत भिंतींना असंच बाहेर रेटत असतं. तो रेटा पेलायचा तर भिंत जाड हवी, आणि तिला मोठी भोकं पाडून चालत नाही. म्हणून आत अंधार.

आता फ्रान्समधल्या बर्गंडीत जाऊ. क्लूनीचा मठ ९१० साली स्थापन झाला. १०८८ मध्ये मठाधिपती ह्यू यांनी तिथे नवं चर्च बांधायला घेतलं. लांबी सुमारे १८७ मीटर, छताची उंची सुमारे ३० मीटर. रोमचं आजचं सेंट पीटर्स होईपर्यंत ख्रिस्ती जगात याहून मोठं चर्च नव्हतं. पैसा कुठून आला? बराचसा स्पेनमधून. लिऑन-कॅस्टिलचा राजा सहावा आल्फोन्सो मुस्लिम राज्यांकडून खंडणी घ्यायचा आणि क्लूनीला सोनं द्यायचा. कमानी किंचित टोकदार केल्या, म्हणजे रेटा कमी झाला. आणि इतक्या उंच छताखालीही खिडक्या ठेवल्या. हे धाडस अंगाशी आलं. ११२५ मध्ये छताचा काही भाग कोसळला. तो पुन्हा बांधून काढला.

त्याच सुमारास क्लेर्व्होचा मठाधिपती बर्नार्ड याने मठांच्या वैभवावर कडक टीका लिहिली. सामान्य लोकांच्या चर्चमध्ये सजावट असली तर तो समजून घेतो. पण ज्याने संसार सोडला त्याला सोनं आणि चित्रविचित्र शिल्पं कशाला? दाराशी गरीब उपाशी असताना तर मुळीच नाही. बर्गंडीतलंच फोंतने हे त्याच्या पंथाचं चर्च ११४७ मध्ये अर्पण झालं. मनोरा नाही, माणसा-प्राण्यांची शिल्पं नाहीत. छत दगडीच, पण बरंच खाली, आणि मुख्य दालनात छतालगत खिडक्याच नाहीत.

पुढे फ्रेंच राज्यक्रांती झाली. क्लूनीची वास्तू १७९८ मध्ये विकली गेली आणि दगडांसाठी पाडत नेली. आज आडव्या दालनाची एक बाजू आणि तिच्यावरचा अष्टकोनी मनोरा, एवढंच प्रामुख्याने उरलंय. फोंतने मात्र उभं आहे. इथे आपल्याला मोह होतो, की बघा, इतिहासानेच निकाल दिला, साधेपणा टिकला!

आम्ही आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलं, म्हणून इथे जरा थांबायला सांगतो. फोंतने वाचलं त्यामागे एक अगदी व्यावहारिक कारण आहे: क्रांतीनंतर तिथे कागदाचा कारखाना चालला. आणि खुद्द बर्नार्डच्या क्लेर्व्होचं काय झालं? मठाचा तुरुंग झाला, आणि तिथलं चर्चही एकोणिसाव्या शतकात पाडलं गेलं. तेव्हा जे टिकलं ते योग्य होतं, असं अनुमान काढता येत नाही.

बर्नार्डचा प्रश्न मात्र पडक्या भिंतींच्या पुराव्यावर अवलंबून नाही. क्लूनी दिमाखात उभं असतं, तरी तो विचारावाच लागला असता: या छताचं ओझं भिंतींखेरीज आणखी कुणी वाहिलं? कुठलीही भव्य वास्तू पाहताना आपण मान वर करतो. ती खाली आली की हाही प्रश्न विचारू या.

पुढच्या वेळी, भिंती पातळ करून उजेड आत कसा आला, ते पाहू.