बेचाळीस मीटरवरचा शेजार

बँकेचा कारकून आणि हौशी रेडिओवाला, ज्याला जगभर हॅम म्हणतात, या दोघांचं दुखणं एकच. आकडा जागेवर राहत नाही. आमचा खतावणीत सरकतो, त्यांचा हवेत.

हवेतल्या आकड्याला ते फ्रिक्वेन्सी म्हणतात. ती सांभाळायची जुनी सोय म्हणजे क्वार्ट्झची चकती, क्रिस्टल. ठरावीक जाडीची कापली की ठरलेल्याच गतीनं थरथरते. गुण असा की हलत नाही, दोष असा की हलवता येत नाही. दुसरी जागा हवी तर दुसरा क्रिस्टल आणा, खिसा हलका करा. म्हणून मंडळी जुन्या रेडिओतला गँग कंडेन्सर काढून त्याला तारेचं वेटोळं जोडू लागली. पण वेटोळं तापलं की फुगतं, फुगलं की आकडा सरकतो. आमच्या धाराशिवचा एप्रिल ज्यांनी पाहिलाय, ते वेटोळ्याला दोष देणार नाहीत.

१९४२ साली मुंबईत या आकड्यावर माणसं तुरुंगात गेली. २७ ऑगस्टला गुप्त काँग्रेस रेडिओ सुरू झाला, ४२.३४ मीटरवर. उषा मेहता तेव्हा २२ वर्षांच्या. ट्रान्समीटर बांधणारे नरिमन प्रिंटर हे हॅमच. महायुद्ध सुरू होताच सरकारनं हॅमचे परवाने बंद केले होते. आता पेच बघा. श्रोत्यांना सापडायचं तर जागा रोज तीच हवी, आणि तीच ठेवली की पोलिसांनाही सापडते. तेव्हा आकडा तोच ठेवून बिऱ्हाडं बदलली. १२ नोव्हेंबरला धाड पडली. पोलिसांना वाट दाखवली ती प्रिंटर यांनीच. उषाताईंना चार वर्षांची शिक्षा झाली.

आमच्या भागानं हॅम पाहिले ते ३० सप्टेंबर १९९३ नंतर. मी शाळेत होतो. विसर्जन करून निजलेली गावं पहाटे चारच्या सुमारास जमीनदोस्त झाली. किल्लारी लातूरचं, सास्तूर आमच्याच जिल्ह्यातलं. हॅम आपापले संच घेऊन आले. औषध कुठं, पांघरूण कुठं, कोण सापडलं, असले निरोप. असला निरोप अर्ध्यातच सरकून चालत नाही.

आता माझ्या मेव्हण्याकडे वळू. तो रीतसर परवानेवाला आहे. त्याचा संच हैदराबादच्या अशहर फरहान यांच्या २०१७ सालच्या आराखड्यावरचा. (हैदराबाद ही १९५६ पर्यंत आमचीच राजधानी, त्यामुळे परका वाटला नाही.) यात तूरडाळीएवढी एक चिप आहे. एकाच क्रिस्टलच्या आधारानं ती गुणाकार-भागाकार करून हवी ती फ्रिक्वेन्सी देते. क्रिस्टलचा ठामपणा आणि वेटोळ्याची मोकळीक एका घरात नांदते. लग्नात इतकं सहसा जमत नाही.

मग त्याला संगणक जोडायची हुक्की आली. पण संगणकातलं सॉफ्टवेअर ओळखतं कंपनीचे संच. घरगुती डबीला कोण विचारतो? म्हणून फरहान यांची डबी सरळ यासू कंपनीचा एफटी-८१७ असल्याचं सोंग घेते. भाषा अगदी आमच्या व्हाउचरसारखी. पाच रकाने. पहिल्या चारांत रक्कम, पाचव्यात काय करायचं ते. ७.०७४ मेगाहर्ट्झ हवं, तर ००, ७०, ७४, ००, आणि शेवटी ०१, म्हणजे ‘तिथं जा’. ०३ म्हणजे ‘कुठं आहेस ते सांग’.

तीन संध्याकाळी डबी उत्तरच देईना. बायको म्हणाली, माझ्या भावावर गेलीय. शेवटी कळलं, डबी सेकंदाला ३८,४०० च्या वेगानं बोलत होती आणि संगणक ९,६०० नं ऐकत होता. एकानं भराभर नोटा टाकायच्या आणि दुसऱ्यानं बोट ओलं करून मोजायच्या. काउंटरवर मी हे रोज बघतो. वेग जुळला आणि पडद्यावर आकडा उमटला.

मी कागद घेतला. प्रकाशाचा वेग भागिले ४२.३४ मीटर. उत्तर आलं ७.०८ मेगाहर्ट्झ.

“अरे,” मी म्हटलं, “तुझ्या आकड्यापासून सहा किलोहर्ट्झवर उषाताई राहत होत्या.”

“खरं म्हणता काय, दाजी?” म्हणत त्यानं पडद्यावर आकडा बदलला. डबी मुकाट तिकडं गेली. दोन म्हातारे आवाज मल्याळममध्ये बोलत होते. बहुतेक पावसाबद्दल असावं. मधूनमधून दोघंही हसत होते.