गोरेपणाच्या डबीत काय असते? शिशापासून स्टिरॉइडपर्यंतचा प्रवास

गोरे करणारी क्रीम घेताना आपण डबीवरचा चेहरा पाहतो, वास घेतो, किंमत विचारतो. मागे बारीक अक्षरांत छापलेली घटकांची यादी मात्र फार थोडे लोक वाचतात. गोरेपणाचे आश्वासन दोन हजार वर्षे तेच आहे, डबीतला पदार्थ मात्र वेळोवेळी बदलला. तो कोणता होता आणि त्याने काय केले, हे समजले तर आजची डबी निवडणे सोपे जाईल.

आधी थोडे त्वचेबद्दल. आपला रंग मेलॅनिन या रंगद्रव्यामुळे ठरतो. ते बनवणाऱ्या पेशींची संख्या गोऱ्या आणि सावळ्या माणसात साधारण सारखीच असते. फरक असतो तो मेलॅनिनच्या प्रमाणात आणि प्रकारात. हे मेलॅनिन उन्हातल्या अतिनील किरणांपासून आपले रक्षण करते. गोरे दिसण्याचे उपाय मुख्यतः तीन प्रकारचे आहेत: रंग झाकणे, मेलॅनिनला अडवणे आणि औषधाने त्वचेतच बदल घडवणे.

१. रंग झाकणे

प्राचीन ग्रीस आणि रोममध्ये स्त्रिया चेहऱ्याला पांढरे शिसे लावत. शिशाचे पत्रे व्हिनेगरच्या वाफेत ठेवले की त्यावर पांढरा थर चढतो, तो खरवडून पूड करत. सोळाव्या शतकात युरोपातल्या श्रीमंत घरांमध्ये व्हेनिसच्या पांढऱ्या शिशाला मोठा मान होता. हा लेप रंग उत्तम झाकायचा, पण शिसे हे विष आहे. ते शरीरात साठत जाते आणि मेंदू, रक्त, मूत्रपिंड यांना इजा करते. त्वचा खराब झाली की ती झाकायला आणखी जाड थर दिला जाई.

आपल्याकडे १९१९ साली मुंबईत ई. एस. पाटणवाला यांनी 'अफगाण स्नो' बाजारात आणला. आजीच्या आरशापुढची 'स्नो'ची बाटली तुमच्यापैकी अनेकांना आठवत असेल. स्नो म्हणजे मुख्यतः स्टिअरिक आम्ल, थोडा अल्कली, ग्लिसरिन आणि पाणी. पाणी उडून गेले की त्वचेवर पातळ, मऊ थर राहतो. तोंड धुतले की तो जातो आणि मूळ रंग तसाच राहतो. असा स्नो शिशाच्या तुलनेत अगदी निरुपद्रवी.

२. मेलॅनिनला अडवणे

मेलॅनिन बनवणाऱ्या टायरोसिनेज या विकराला तांब्याची गरज असते. पारा त्या तांब्याची जागा घेतो आणि काम थांबवतो. म्हणून पाऱ्याची क्रीम लवकर परिणाम दाखवते, आणि तेच तिचे आकर्षण ठरते. पण पारा त्वचेतून रक्तात आणि रक्तातून मूत्रपिंडात जातो. १९७२ साली नैरोबीच्या डॉक्टरांनी लघवीतून प्रथिने जाणाऱ्या, अंगावर सूज असलेल्या ६० प्रौढ रुग्णांची माहिती प्रसिद्ध केली. त्यांतल्या ३२ जणांनी गोरे करणारी क्रीम वापरली होती. पन्नास वर्षांनंतर केरळमध्ये तेच दिसले. २०२१ ते २०२३ या काळात मूत्रपिंडाच्या एका विशिष्ट प्रकारच्या आजाराचे १५ रुग्ण आढळले. त्यांतल्या १३ जणांनी अशी क्रीम लावल्याचे सांगितले.

हायड्रोक्विनोनच्या गटातल्या रसायनांचा गुण एका अपघातातून लोकांसमोर आला. १९३९ साली अमेरिकेतल्या एका चामड्याच्या कारखान्यात रबरी हातमोजे घालणाऱ्या कामगारांच्या हातांवर पांढरे डाग उठले. कारण निघाले रबरात मिसळलेले त्या गटातले एक रसायन. पुढे हायड्रोक्विनोन वांगावरचे औषध झाले, आणि डॉक्टरांच्या देखरेखीखाली ठराविक काळ वापरले तर ते उपयोगीही आहे. पण दक्षिण आफ्रिकेत वर्षानुवर्षे क्रीम चोपडणाऱ्या स्त्रियांच्या गालांवर निळसर काळे, खरखरीत डाग पडल्याचे १९७५ साली नोंदले गेले. गोरे होण्यासाठी लावलेल्या क्रीमनेच चेहरा काळवंडला होता.

त्याच १९७५ साली भारतात 'फेअर अँड लव्हली' आली. तिच्यातला मुख्य घटक नायसिनमाइड, म्हणजे ब३ जीवनसत्त्वाचा एक प्रकार. तो मेलॅनिन बनणे थांबवत नाही. बनलेले मेलॅनिन शेजारच्या पेशींत कमी पोहोचू देतो. परिणाम सौम्य आणि सावकाश असतो, धोका कमी असतो. २०२० साली या क्रीमच्या नावातून 'फेअर' हा शब्द गेला.

३. त्वचेतच बदल घडवणे

१९५२ पासून त्वचेवर लावायची स्टिरॉइड औषधे आली. इसब, सोरायसिस यांच्या रुग्णांना त्यांनी मोठा दिलासा दिला. ही औषधे रक्तवाहिन्या आकुंचित करतात, त्यामुळे चेहरा काही दिवस उजळ दिसतो. मग शेजारीण शेजारणीला नाव सांगते. काही महिन्यांत त्वचा पातळ होते, लाल शिरा दिसतात, पुरळ उठते, लव वाढते; क्रीम थांबवली की आग होते, म्हणून पुन्हा तीच लावली जाते. २०१८ साली भारतात अशा अनेक मलमांच्या विक्रीसाठी डॉक्टरांची चिठ्ठी आवश्यक केली गेली.

मग तुम्ही काय करावे?

• डबीवर घटकांची यादी, उत्पादकाचा पत्ता आणि परवाना क्रमांक नसेल तर ती घेऊ नका. भारतात सौंदर्यप्रसाधनात पारा घालण्यास मनाई आहे. त्यामुळे पारा घालणारा ते डबीवर छापणार नाही.
• बीटामेथासोन, क्लोबेटासोल, मोमेटासोन ही नावे दिसली तर ते स्टिरॉइड आहे. चेहऱ्यावर स्वतःच्या मनाने लावू नका. आधीच लावत असाल तर कसे थांबवायचे ते त्वचारोगतज्ज्ञांना विचारा.
• आठवड्याभरात कुणी लक्षणीय गोरे झाले, तर कौतुकाआधी शंका घ्या.
• अशी क्रीम वापरताना पायांवर किंवा डोळ्यांभोवती सूज आली, लघवीला फेस येऊ लागला, तर लघवीतील प्रथिनांची तपासणी करून घ्या आणि क्रीमची डबी डॉक्टरांना दाखवा. रुग्ण गोळ्यांची नावे सांगतात, क्रीमचे सांगायचे राहून जाते. वेळेवर कळले तर पुष्कळदा क्रीम बंद केल्यावर हा आजार आटोक्यात येतो.

जन्मजात रंग सुरक्षितपणे आणि कायमचा बदलणारी क्रीम आजवर कुणी बनवलेली नाही. उन्हामुळे आलेला काळपटपणा आणि डाग यांवर मात्र सनस्क्रीन, सावली आणि थोडा धीर यांचा चांगला उपयोग होतो.