शेवाळालाही बुरशी लागते

शेततळ्यात शेवाळ माजलं की आपण मोरचूद शोधायला लागतो. पण जगात काही ठिकाणी सूक्ष्म शेवाळ हेच पीक आहे, आणि त्यावर रोगही पडतो. "माती नाही, म्हणजे रोग नाही" असं सांगत कुणी शेवाळाचा प्रकल्प गळ्यात मारायला आलं, तर ही हकीकत माहीत असलेली बरी.

पहिली नीट नोंद इंग्लंडच्या विंडरमिअर तलावावरची. हिल्डा कँटर आणि जॉन लुंड या शास्त्रज्ञांनी 1948 साली लिहिलं, की अ‍ॅस्टेरिओनेला नावाच्या शेवाळावर कायट्रिड बुरशीची साथ येते आणि त्याची संख्या कोसळते. तलाव कुणाचं शेत नव्हतं, त्यामुळे कुणाच्या खिशाला झळ बसली नाही.

झळ बसली ती पुढे, इस्राएलच्या नेगेव वाळवंटात. तिथं हिमॅटोकॉकस हे हिरवं शेवाळ वाढवतात. आपण डाळिंबाला ताण देऊन बहार धरतो ना, तसंच नत्र तोडून आणि कडक ऊन देऊन त्याला ताण देतात. मग ते लाल होतं. तो लाल रंग म्हणजे अस्टाझँथिन. सामन माशाच्या खाद्यात आणि माणसांच्या गोळ्यांत जातो, भावही चांगला. पण वाढवलेलं शेवाळ अचानक तपकिरी पडायचं, गुठळ्या व्हायच्या आणि थोड्याच दिवसांत सगळं खलास. सदे बोकेर इथल्या बेन-गुरियन विद्यापीठाच्या लोकांनी 2008 साली त्यामागची बुरशी मांडली, पुढे तिला नाव मिळालं पॅराफायसोडर्मा सेडेबोकेरेन्स. मक्याच्या पानावर तपकिरी ठिपके पाडणारी फायसोडर्मा हिच्याच भावकीतली!

हिचा बीजाणू पेशीला चिकटतो, आत नळी घालतो, आतलं सगळं खातो आणि फुटून नवे बीजाणू सोडतो. पोहणाऱ्या कोवळ्या पेशी तेवढ्या वाचतात. मला यातली सगळ्यात वाईट गोष्ट वाटते ती ही, की वाळली तरी ती मरत नाही, पाणी मिळालं की परत लागण करते. म्हणजे हौद रिकामा करून उन्हात तापवला, एवढ्यावर निर्धास्त राहता येत नाही.

अमेरिकेत सॅफायर एनर्जी या कंपनीने न्यू मेक्सिकोत शेवाळापासून इंधन काढायला उघडी तळी केली. 2009 साली सरकारने 5 कोटी 45 लाख डॉलर कर्जाची हमी दिली. तिथल्या सेनेडेस्मस शेवाळावर बुरशीच्याच जवळचा एक परजीवी आला. त्यांनी तळ्यात काय टाकलं? पायराक्लोस्ट्रोबिन. आपल्या द्राक्षवाल्यांना हे नाव पाठ आहे, आणि त्याच गटाचं औषध परत परत मारल्यावर डाऊनी कशी दाद देईनाशी होते, हेही.

इंधनाच्या शेवाळावर हे चाललं. पोटात जाणाऱ्या हिमॅटोकॉकसवर बुरशीनाशक मारणार कसं? म्हणून तिथं हायड्रोजन पेरॉक्साइडचे प्रयोग झाले. नुकते बाहेर पडलेले बीजाणू त्याने मरतात, लाल पेशी मात्र अस्टाझँथिनमुळे तग धरतात.